स्टॉकहोमच्या पायऱ्या

स्टॉकहोमच्या पोस्टकार्डावर हमखास नगरभवनाचा लाल मनोरा असतो आणि त्याच्या टोकाला तीन सोनेरी मुकुट. चौदा बेटांवर पसरलेल्या या शहरात मान वर करून बघण्यासारखं बरंच काही आहे. पण इथल्या जाणत्या वास्तुरचनाकारांनी खरं डोकं चालवलंय ते खाली, पावलापाशी. रस्त्यावरचा साधा माणूस सार्वजनिक इमारतीत शिरतो तेव्हा त्याचा पाय किती उचलला जातो, कुठे टेकतो, कुठे रेंगाळतो आणि वर पोचेपर्यंत त्याच्या मनाची काय तयारी झालेली असते, या प्रश्नांवर विसाव्या शतकातल्या स्टॉकहोमने घेतलेली मेहनत मला त्या मनोऱ्याहून मोठी वाटते.

आधी जिन्याचं गणित. दोन रायझरची, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजूची, उंची आणि एका ट्रेडची, म्हणजे पाय टेकायच्या आडव्या बाजूची, रुंदी यांची बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर यावी, हा नियम सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ब्लाँडेल या वास्तुरचनाकाराने मांडला आणि तो अजून टिकून आहे, कारण तो माणसाच्या ढांगेवरून निघालेला आहे. आपल्याकडची राष्ट्रीय बांधकाम संहिता घरासाठी रायझर जास्तीत जास्त १९ आणि ट्रेड किमान २५ सेंटिमीटर सांगते, सार्वजनिक इमारतीसाठी १५ आणि ३०. बेरीज करून बघा, पहिली ६३ येते, दुसरी ६०. दोन्ही नियमात बसतात, पण चाल अगदी वेगळी होते. १९ सेंटिमीटरच्या पायरीवर माणूस चढतो. १३ सेंटिमीटरच्या पायरीवर तो चालत राहतो आणि मधेच कधीतरी आपण वर आलोय हे त्याच्या लक्षात येतं.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या असल्या तर दोन पायऱ्यांनंतर पाय आपोआप उंची लक्षात ठेवतो आणि डोळे मोकळे होतात. मधे एखादी पायरी सेंटिमीटरभर जरी चुकली तरी ठेच लागते. ही चुकणारी पायरी बहुतेक वेळा पहिली नाहीतर शेवटची असते. स्लॅब ओतताना वरच्या आणि खालच्या फरशीची जाडी हिशेबात धरलेली नसते. फरशी बसली की खालची पायरी ठेंगणी होते, नाहीतर वरची उंच. जिना चांगला की वाईट हे बघायला पट्टी लागत नाही. उतरणारे लोक खाली बघत उतरतात की समोर, एवढं पाहिलं तरी कळतं.

नगरभवनाच्या निळ्या दालनातला जिना या एकाच कसोटीसाठी घडवलेला आहे. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते ती इथे. सुमारे १३०० पाहुणे खाली लांबच लांब टेबलांशी दाटीवाटीने बसलेले, आणि राजघराणं, विजेते, त्यांचे जोडीदार वरच्या सज्जातून या जिन्याने खाली उतरतात. पायघोळ झगे, नवे बूट, समोर कॅमेरे. चढताना माणूस पडत नाही, फार तर दमतो. उतरताना पडतो, कारण शरीराचा सगळा भार चवड्यावर येतो आणि चवडा पायरीच्या कडेपाशी टेकतो. ट्रेड अरुंद असला तर पाय तिरका टाकावा लागतो. म्हणून इथे रायझर बुटका आणि ट्रेड ऐसपैस. वास्तुरचनाकार रॅग्नार ऑस्टबर्गने पायऱ्यांचं माप पक्कं करण्याआधी आपल्या बायकोला लांब झग्यात पुन्हा पुन्हा चढउतार करायला लावली, असं तिथले वाटाडे सांगतात. ते समोरच्या भिंतीवरची एक चांदणीही दाखवतात. उतरताना तिच्यावर नजर ठेवली की मान ताठ राहते. गोष्टीत मीठमसाला असेल, पण जिना उतरून बघितला की ती खरी मानावीशी वाटते.

या इमारतीची जन्मकथा लांबलचक आहे. कुंग्सहोल्मेन बेटाच्या पूर्वेच्या टोकाला वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती, एल्डक्वार्न नावाची. १८७८ मध्ये ती जळाली. ती आग इतकी गाजली की ‘एल्डक्वार्न जळाली तेव्हापासून’ हा काळ मोजायचा वाक्प्रचारच होऊन बसला. पाण्याकाठची ही मोक्याची जागा पुढे नगरभवनाला मिळाली. बांधकाम १९११ ला सुरू झालं आणि २३ जून १९२३ रोजी, स्वीडनचा राजा गुस्ताव वासा शहरात शिरल्याला चारशे वर्षं पूर्ण होत असताना, उद्घाटन झालं. मधे पहिलं महायुद्ध येऊन गेलं. बारा वर्षं म्हणजे रखडलेलं सरकारी काम, असा आपला अनुभव. इथे मात्र त्या वर्षांचा मोठा हिस्सा हाताच्या कामात गेलाय आणि तो भिंतीवर दिसतो.

जवळजवळ ऐंशी लाख विटा लागल्या. सोडरटेलिये गावाजवळच्या लीना वीटभट्टीतून आलेल्या, गडद लाल, नेहमीच्या विटेपेक्षा मोठ्या. मध्ययुगीन मठांत अशी वीट वापरायचे, म्हणून स्वीडिश गवंडी तिला मठाची वीट म्हणतात. बांधणीही त्याच घराण्यातली. एका थरात दोन विटा लांब बाजूने, मग एक तोंडाने, पुन्हा दोन लांब. सरळ एकाआड एक बांधणीपेक्षा या भिंतीची लय संथ असते आणि लांबून ती जास्त जड दिसते. निळं दालन निळं नाही, हा तिथला सगळ्यांत जुना विनोद. आराखड्यात ऑस्टबर्गने तिथे निळा गिलावा दाखवला होता. भिंती उभ्या राहिल्यावर त्याला वीट इतकी आवडली की त्याने गिलावा रद्द केला. पण निव्वळ रद्द करून तो थांबला नाही. नागड्या विटांची भिंत दालनात चकाकते, प्रत्येक वीट वेगळी ओरडते. म्हणून त्याने भिंतीच्या भिंती हाताने टाकीने टोचून घेतल्या. विटेचं गुळगुळीत तोंड निघालं, वीट आणि दर्जा, म्हणजे विटांमधले मसाल्याचे सांधे, एका पोताच्या झाल्या, आणि उंचावरच्या खिडक्यांतला उजेड आता त्या खरबरीत पृष्ठभागावर पसरून राहतो. साधारण ५० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि २२ मीटर उंच अशा जागेत हे काम करायला किती हात लागले असतील, याचा अंदाज कुठल्याही पाथरवटाला येईल. नाव मात्र निळंच राहिलं.

पायऱ्या थोड्या बाजूला ठेवून विटेबद्दल आणखी थोडं. स्टॉकहोमच्या हवेत विटेचा शत्रू पाऊस नव्हे, पावसानंतरची थंडी. वीट पाणी पिते, पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वरखाली जितक्या वेळा होतं तितके घाव बसतात. सलग कडाक्याची थंडी त्या मानाने परवडली. चुन्याच्या दर्जा मऊ असतात, ओल बाहेर सोडतात, झिजतात आणि पुन्हा भरता येतात. कुणी ‘पक्कं काम’ म्हणून त्या खरवडून त्यात तिखट सिमेंट भरलं की ओल विटेतच अडकते, आणि मग दर्जा शाबूत राहतात पण वीट फुटते. झिजायचं काम दर्जेचं, विटेचं नव्हे, हे जगभरच्या जुन्या विटकामाचं पहिलं सूत्र. ब्यर्कहागेन उपनगरातलं वास्तुरचनाकार सिगुर्ड लेवेरेन्ट्सचं सेंट मार्क चर्च बघताना हे सूत्र वेगळ्याच टोकाला गेलेलं दिसतं. १९६० मध्ये पुरं झालेलं हे काम नगरभवनाच्या अगदी उलट स्वभावाचं आहे. इथे विटा तोडायच्या नाहीत, अख्ख्याच लावायच्या. कोपरा असो की वळण, माप जमवायचं ते मसाल्याच्या जाडीने. त्यामुळे कुठे दर्जा बोटभर, कुठे विटेशी स्पर्धा करणारी. सत्तरी ओलांडलेला लेवेरेन्ट्स गवंड्यांच्या मागे उभा राहून हे करून घेत होता. नेटक्या कामाची सवय असलेल्या गवंड्याला हे किती जड गेलं असेल! पण त्या काळोख्या चर्चमध्ये बसलं की प्रत्येक विटेमागे एक निर्णय आहे हे जाणवतं, आणि नेटकेपणा ही विटकामाची एकमेव खूण नव्हे हेही.

नगरभवनात जिना चढून वर गेलं की सुवर्ण दालन. आयनार फोरसेथ या तरुण चित्रकाराने त्याच्या भिंती मढवल्या, एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त काचेच्या आणि सोन्याच्या तुकड्यांनी. सोनं सगळं मिळून जेमतेम दहा किलो, कारण ते वर्खाच्या रूपात आहे. खाली काचेचा तुकडा, त्यावर वर्ख, त्यावर पातळ काचेचं झाकण, असं भाजून एकजीव केलेलं. सोनं हवेला लागतच नाही, म्हणून शंभर वर्षांत काळवंडलेलं नाही. अशा भिंतीचं मर्म तुकड्यांच्या बारीक तिरपेपणात असतं. सगळे एका पातळीत बसवले तर भिंत पत्र्यासारखी दिसेल. प्रत्येकाचा कोन किंचित वेगळा असला की बघणारा चालू लागताच भिंत हलू लागते. मधोमध मेलारेन सरोवराची राणी बसली आहे, मांडीवर शहर घेऊन, एका बाजूला पूर्व आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम. तिचे बटबटीत डोळे आणि सापासारखे केस बघून तेव्हाच्या स्टॉकहोमकरांनी भरपूर टिंगल केली होती. शिवाय उंचीचा हिशेब चुकला आणि शहराचा रक्षक संत एरिक याचं घोड्यावरचं चित्र वर सरकत जाऊन छतापाशी बिनडोक्याचं राहिलं. नगरपालिकेने ते तसंच ठेवलं आणि वाटाड्यांना कायमचा विनोद मिळाला. आधी नोबेलची मेजवानी याच दालनात व्हायची. पाहुणे मावेनात म्हणून १९७४ पासून ती खाली निळ्या दालनात गेली.

पुरस्कार देण्याचा समारंभ मात्र इथे होत नाही. तो ह्योटोरियेत चौकातल्या निळ्या संगीतगृहात होतो, इवार टेंगबोमने १९२६ मध्ये बांधलेल्या, समोर दहा उंच खांब असलेल्या इमारतीत. मुंबईत जन्मलेले, आईकडून मराठी असलेले अभिजित बॅनर्जी २०१९ मध्ये धोतर नेसून गेले ते त्या मंचावर. पायघोळ वस्त्रात अनोळखी पायऱ्या म्हणजे काय, ते धोतर नेसणाऱ्याला आणि साडी नेसणारीला वेगळं सांगायला नको.

नगरभवनाचा मनोरा १०६ मीटर उंच आहे. कोपनहेगनच्या नगरभवनापेक्षा थोडासाच जास्त, आणि हा योगायोग आहे असं दोन्ही शहरांत कुणी मानत नाही. एकूण ३६५ पायऱ्या. निम्म्या उंचीपर्यंत लिफ्ट जाते. त्यावरचा शेवटचा भाग दोन भिंतींमधल्या विटांच्या अरुंद वाटेने वळत वळत चढायचा, मधेमधे छोट्या खिडक्या. समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं, म्हणून एका वेळी मोजकेच लोक सोडतात. सारं शहर पायाखाली दिसतं हे खरं, पण मला त्यापेक्षा खालचं नागरिकांचं अंगण महत्त्वाचं वाटतं. तिथे तिकीट नाही. विटांच्या चौकातून, कमानींच्या ओळीखालून सरळ पाण्याकाठच्या बागेत जाता येतं, आणि तिथल्या दगडी पायऱ्या थेट मेलारेनच्या पाण्यात उतरतात. उन्हाळ्यात लोक त्यांवर जेवणाचे डबे उघडून बसतात. १०१ नगरसेवक जिथे भांडतात त्या इमारतीच्या पायथ्याशी कुणीही पाय पाण्यात सोडून बसू शकतं, हे आराखड्यातच आहे.

गुन्नार आस्पलुंडचं शहर ग्रंथालय या सगळ्याला पूर्ण वेगळं उत्तर देतं. १९२८ मध्ये ते उघडलं. आस्पलुंड सुरुवातीला या इमारतीचा रचनाकार नव्हताच. स्पर्धेच्या अटी ठरवण्यासाठी त्याला नेमलं होतं आणि त्यासाठी तो अमेरिकेतली ग्रंथालयं बघून आला. तिथे त्याने पाहिलं की वाचक स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक काढतो. स्वीडनमध्ये तोवर टेबलाशी नाव सांगायचं आणि आतून पुस्तक यायचं, अशीच रीत होती. उघडी कपाटं ठेवायची म्हटलं की इमारतीचा नकाशाच उलटा होतो. पुस्तकं मागच्या कोठारातून निघून मध्यभागी येतात, कारण वाचकाला सगळी एकदम दिसली पाहिजेत आणि ग्रंथपालाला सगळे वाचक.

म्हणून एक चौकोनी ठोकळा आणि त्याच्या मधोमध वर निघालेला गोल दंडगोल. आधीच्या आराखड्यात घुमट होता, तो नंतर गेला. जे उरलं ते इतकं साधं आहे की लहान मूलही काढू शकेल, आणि ते तसं राहावं यासाठी आस्पलुंडने काय काय वगळलं हे जुने आराखडे शेजारी ठेवले की कळतं. रस्त्यावरून येताना आधी चढ, मग प्रचंड उंच दार. आतल्या दाराच्या मुठी आदम आणि ईव्ह यांच्या. मग काळ्या चकचकीत गिलाव्याची, मुद्दाम अंधारी ठेवलेली दिवाणखान्यासारखी जागा. भिंतींवर ‘इलियड’मधले प्रसंग उठावात. तिथून समोर एक सरळ, अरुंद जिना. त्याला वळण नाही, मधे खिडकी नाही, वर फक्त उजेडाचा तुकडा. माणूस त्यातून डोकं बाहेर काढतो तो थेट गोल दालनाच्या मधे, चारही बाजूंनी पुस्तकांच्या तीन माळ्यांच्या वेढ्यात.

हे साधायला एक धाडस लागतं. जिना दालनाच्या कडेला आणणं सोपं होतं. मध्यभागाची जागा वाचली असती. आस्पलुंडने ती खर्च केली. पुस्तकांचे माळे वर जाताना थोडेथोडे मागे सरकतात आणि त्या सरकण्यातून सज्जा तयार होतो, म्हणजे शिडी न लावता प्रत्येक कपाट हाताच्या टप्प्यात. वरची पांढरी भिंत मुद्दाम ओबडधोबड गिलाव्याची आहे. उंच खिडक्यांच्या रांगेतून येणारा उत्तरेकडच्या देशातला तिरपा उजेड तिथे मोडतो, मऊ होतो आणि खाली पानावर सावली न पाडता पोचतो. अडचणी दोन. पहिली आवाजाची. गोल दालनात कुजबुज भिंतीच्या कडेने फिरत दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. पुस्तकांच्या कण्यांनी आवाज शोषला तरी वरची टणक भिंत तो परत पाठवते. दुसरी वाढीची. चौकोनी इमारतीला खोली जोडता येते, वर्तुळाला काय जोडणार? पुस्तकं वाढली, वाचक वाढले, आणि २००६-०७ मध्ये विस्तारासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. हजाराहून जास्त आराखडे आले, जर्मनीच्या हाइके हनादा यांचा निवडला गेला, मग खर्चावरून आणि शेजारच्या जुन्या इमारती पाडण्यावरून वाद पेटला आणि २००९ मध्ये सगळं गुंडाळलं गेलं. मला वाटतं, बरंच झालं. आधीच पुरी झालेली वस्तू मोठी करता येत नसते, तिच्यावरचा भार हलका करावा लागतो.

क्लारा भागाबद्दल थोडक्यात, कारण तिथे शहर स्वतःवरच रागावलं होतं असं वाटतं. १९५० ते ७० च्या दशकांत स्टॉकहोमने मध्यवस्तीतला हा जुना भाग जवळजवळ सगळा पाडला. त्या जागी पाच उंच कचेऱ्या, भुयारी रेल्वेचं मुख्य स्टेशन आणि सेर्गेल चौक आले. चौकाचा विचार कागदावर हुशार होता. मोटारी वर, माणसं एक मजला खाली, काळ्या-पांढऱ्या त्रिकोणी फरशीवर. रुंद पायऱ्या उतरून खाली जायचं. पण उतरून सार्वजनिक जागेत जाणं आणि चढून जाणं यांत फार फरक आहे. खालच्या जागेवर वरून सगळ्यांची नजर असते; कोपऱ्यांत, पुलाच्या सावलीत मात्र कुणाचीच नसते. त्या कोपऱ्यांत अमली पदार्थांचा बाजार भरला आणि चौकाची बदनामी झाली. शिवाय चौक म्हणजे खालच्या दुकानांचं आणि बोगद्यांचं छप्परच. सपाट छपरावर वाहतूक, बर्फ आणि मीठ एकत्र आलं की जलरोधक थर फाटणारच, आणि तो बदलायचा म्हणजे वरची सगळी फरशी उचलायची. या सगळ्यात तरून गेलं ते पेटर सेल्सिंगचं सांस्कृतिक भवन. आतली सगळी यंत्रणा मागच्या काँक्रीटच्या भिंतीकडे सारून त्याने समोरची बाजू नुसत्या काचेच्या मजल्यांची ठेवली. चौकातून बघितलं तर लोक कुठल्या मजल्यावर काय करताहेत ते दिसतं. १९७१ ते ८३ स्वीडनची संसद तिथेच भाड्याने बसली होती, तिचं स्वतःचं घर दुरुस्तीला काढल्यामुळे. पाडकामाला चाप बसला तो मे १९७१ मध्ये. राजाच्या बागेतली जुनी एल्मची झाडं भुयारी रेल्वेच्या स्टेशनाच्या दारासाठी तोडायला निघाली आणि रात्रीत हजारो लोक झाडांभोवती उभे राहिले. दार दुसरीकडे हलवावं लागलं.

त्या रेल्वेची स्टेशनं मी नागरी इमारतींतच धरतो. १९५० मध्ये पहिली मार्गिका सुरू झाली, आज शंभर स्टेशनं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत चित्र-शिल्प आहे. १९७५ च्या निळ्या मार्गिकेवर तर भुयाराचा खडक झाकलाच नाही. काम असं चालतं. आधी पुढच्या खडकात भोकं पाडून त्यात दाबाने सिमेंटचं पाणी भरायचं, म्हणजे फटी बुजतात. मग सुरुंग. मग सैल कपच्या काढून पोलादी बोल्ट ठोकायचे आणि वरून काही सेंटिमीटर काँक्रीटचा फवारा. आत पुन्हा वेगळी कमान बांधायची नाही, खडकाचाच आकार ठेवायचा. पैसा वाचतो आणि गुहाही मिळते. पेर उलोफ उल्टवेट यांनी मुख्य स्टेशनात त्या फवाऱ्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळ्या वेली काढल्या, कारण गर्दीत धावणाऱ्या माणसाला शांत रंग हवेत.

फटी बुजवण्याची घाई मात्र प्रवाशांना ओल लागू नये एवढ्यासाठी नसते. भुयारात पाणी झिरपत राहिलं तर भोवतालचं भूजल उतरतं. जुन्या शहराच्या कडेची घरं भरावावर आणि लाकडी खुंटांवर उभी आहेत. लाकूड पाण्यात बुडालेलं आहे तोवर शतकानुशतकं टिकतं; पाणी खाली गेलं आणि हवा लागली की कुजतं, चिकणमाती आकसते आणि वरचं घर कलतं. भुयारातल्या एका गळतीचा तडा वर कुणाच्या तरी सोळाव्या शतकातल्या जिन्याला जाऊ शकतो.

पायऱ्यांबद्दल या शहराने सांगितलेली सर्वांत शहाणी गोष्ट दक्षिणेच्या एन्स्केडे भागात, वनस्मशानभूमीत आहे. स्कूग्सश्यर्कोगोर्डेन हे तिचं नाव. १९१५ च्या स्पर्धेत आस्पलुंड आणि लेवेरेन्ट्स या दोन तरुणांचा आराखडा निवडला गेला. जागा म्हणजे जुन्या रेतीच्या खाणी आणि पाइनचं जंगल, शंभर हेक्टरांहून जास्त. पंचवीस वर्षं काम चाललं आणि १९९४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. दारातून आत आलं की डावीकडे स्मशानघर, उजवीकडे गवताची टेकडी आणि तिच्या माथ्यावर झाडांचा एक चौकोन, चिंतनासाठी. टेकडीवर जायला लांब सरळ जिना आहे आणि त्याच्या पायऱ्या वर जाताना हळूहळू बुटक्या होत जातात. सुरुवातीला नेहमीसारखं चढायचं, आणि दम लागायच्या वेळेला पायाला कमी काम. वर पोचलेला माणूस धापा टाकत नाही.

सारख्या पायऱ्यांचा नियम इथे मुद्दाम मोडलाय. सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात, हे वर मीच सांगितलं. मग इथे ठेच का लागत नाही? कारण फरक एका पायरीत नाही, संपूर्ण जिन्यावर पसरलेला आहे. शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक पायाला कळण्याइतका मोठा नसतो आणि पाय नव्या उंचीशी नकळत जुळवून घेत जातो. शोकात असलेल्या माणसाचं लक्ष पायात नसतं, हे रचनाकाराने गृहीत धरलंय.

तोच विचार पुढे सगळीकडे. आस्पलुंडने १९४० मध्ये पुरं केलेल्या स्मशानघरात तीन प्रार्थनागृहं आहेत आणि प्रत्येकाचा प्रतीक्षाकक्ष, अंगण, वाट वेगळी, म्हणजे दोन घरच्या मंडळींची गाठ पडू नये. प्रतीक्षाकक्षात लाकडाची भिंतच वळून बाक होते. बसणाऱ्याला बाक शोधावा लागत नाही. मोठ्या प्रार्थनागृहाची जमीन शवपेटीकडे किंचित उतरती आहे. गर्दी झाली तर समोरची काच-धातूची अख्खी भिंत यंत्राने जमिनीत उतरते आणि आतले, बाहेरचे एकाच सभेत येतात. जंगलाच्या दुसऱ्या टोकाला, ८८८ मीटरच्या सरळ वाटेच्या शेवटी, लेवेरेन्ट्सचं १९२५ चं पुनरुत्थान प्रार्थनागृह. तिथे उत्तरेच्या उंच दारातून आत जायचं आणि निरोप झाल्यावर पश्चिमेच्या छोट्या दारातून बाहेर पडायचं, आल्या वाटेने परतायचं नाही.

हिवाळा या सगळ्या दगडी पायऱ्यांची परीक्षा घेतो. उघड्यावरच्या पायरीला बाहेरच्या बाजूला एक-दोन टक्के उतार हवाच, नाहीतर वितळलेलं पाणी तिथेच साचून रात्री काच होतं. स्टॉकहोममध्ये मिठापेक्षा खडी पसरणं बरं, कारण मीठ काँक्रीट आणि दर्जा खातं. पण खडी वसंतात गोळा करावी लागते आणि तोवर ती बुटात, दारात, लिफ्टच्या खाचेत सापडत राहते. सगळ्या जिन्यांवरचं बर्फ काढणं परवडत नाही, म्हणून टेकड्यांवरच्या काही जिन्यांपाशी सरळ पाटी असते की हिवाळ्यात इथे देखभाल होत नाही.

या पायऱ्यांच्या शहाणपणाला एक मोठी फट आहे: ज्यांना पायऱ्या चढताच येत नाहीत ते. स्वीडनचे नियम याबाबत कडक झाले आहेत. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर आणि वरच्या सपाटीच्या कडेला स्पष्ट रंगफरकाचा पट्टा हवा, कारण दृष्टी अधू असलेल्या माणसाला अडचण मधल्या पायऱ्यांची नसते, जिना कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची असते. वारसा इमारतींच्या संगमरवरी पायऱ्यांवर असा पट्टा मारायचा म्हटलं की पुरातत्त्ववाले कळवळतात. तडजोड म्हणून कुठे दगडातच वेगळ्या रंगाची चीप बसवतात, कुठे पितळेची पट्टी. पितळ घासून गुळगुळीत झालं की ओल्या बुटाखाली घसरतं, म्हणून तिला आडव्या खाचा हव्यात.

ग्रंथालयाचा अंधाऱ्या जिन्यातून उजेडात येण्याचा क्षण लिफ्टमधून मिळत नाही. लिफ्ट माणसाला वर नेते, पण वाट वगळून. भुयारी रेल्वेच्या काही स्टेशनांनी यावर काढलेलं उत्तर मला सगळ्यांत पटतं. तिथे सरकत्या जिन्याच्या शेजारी, त्याच उतारावर, तिरपी लिफ्ट धावते. चाकाच्या खुर्चीतला माणूस इतरांबरोबर त्याच भुयारातून, त्याच चित्रांसमोरून वर येतो. सरळ लिफ्टपेक्षा तिचा खर्च जास्त, रूळ आणि चाकांची झीज जास्त, आणि ती बंद पडली की शेजारचा सरकता जिना खुर्चीच्या उपयोगाचा नसतो. मग पुढच्या स्टेशनाला वळसा. तरी नव्या मार्गिकेचे आराखडे होताना मी आधी तिच्याच जागा मोजीन.